बोल्टखालचा रंग

रिले आणायला पाठवलेला पुतण्या खरंच रिले घेऊन परत आला, हेच त्या दिवसातलं पहिलं आश्चर्य. एरवी त्याला साबण आणायला सांगितलं तर तो मित्र घेऊन यायचा.

हा तिसरा रिले होता. त्याच्या ताईनं जुनी जीप घेतली होती, चार दिवसांपूर्वीच तिला लालभडक रंग मारून आणला होता, आणि आता पुढच्या बंपरवर दोन मोठे गोल जादाचे लाइट बसवायचं काम सकाळपासून अंगणात चाललं होतं. लाइट बसले. वायरी ओढल्या. स्विच दाबला की रिले टक करायचा. लाइट मात्र ढिम्म.

तिसरा रिले लावला. टक. ढिम्म.

"हाही खराब आहे," पुतण्या म्हणाला.

"खराब तुझं नशीब आहे," ताई म्हणाली.

काका पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. त्यांनी दिवसभर तोंड उघडलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता अंधार पडला तेव्हा ते म्हणाले, "टक वाजतंय ना?"

"वाजतंय."

"मग रिले त्याचं काम करतोय. त्या गरिबाला किती वेळा बदलणार? अर्थिंग कुठं घेतलंय?"

"बोनेटखाली. बॉडीच्या बोल्टला."

"बोल्टखालचा रंग खरवडला होता?"

पुतण्यानं ताईकडं पाहिलं. ताईनं लाइटकडं पाहिलं. ज्या रंगावर ती माशी बसू देत नव्हती, तो स्वतःच्या हातानं खरवडायचा?

"हो," ती म्हणाली. "खरवडला की. चकाचक."

काकांनी खुर्ची जरा पुढं ओढली. 

"रिले काढून आण," मग ते म्हणाले. "इथं माझ्यापुढं ठेव. आणि एक लक्षात ठेवा. टक वाजून लाइट लागला नाही, तर माझी झोपमोड करू नका. टक न वाजता लाइट लागला... तर उठवा."

दोघं हसले. काका हसले नाहीत. त्यामुळे पुतण्यानं रिले काढून त्यांच्यापुढं स्टुलावर ठेवला, दोघं पायरीवर बसले, आणि काकांनी पुढची गोष्ट सांगितली. सांगोवांगीची नाही. ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून काकांनी ऐकलेली.

गाड्यांचं वायरिंग करणारा एक मिस्त्री होता. काकांच्या बसचं कामही तोच करायचा. त्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे, कारण तो साधा बल्ब बदलतानासुद्धा भाषण द्यायचा.

"रिले म्हणजे निरोप्या," प्रोफेसर सांगायचा. "स्विचमधून चिमूटभर करंट येतो, निरोप्याला टोचतो. निरोप्या टक करून उठतो आणि बॅटरीचा सगळा करंट लाइटकडं सोडतो. पण बाबांनो, करंट हा सासरी गेलेल्या पोरीसारखा. त्याला परत घरी यायची सोय हवी. ती सोय म्हणजे अर्थिंग. गाडीचं लोखंड. आणि लोखंडावर रंग असला तर? दार बंद! म्हणून आधी रंग खरवडायचा, लोखंड आरशासारखं दिसलं पाहिजे, मगच वायरीची रिंग ठेवून बोल्ट आवळायचा. हे ज्याला कळत नाही, त्यानं गाड्यांना हात लावू नये, वांगी विकावी."

ऐकणारे हसायचे. दुकानात सदा चार रिकामटेकडे असायचेच. प्रोफेसरला गिऱ्हाईक नसलं तरी चालायचं, श्रोते नसले की जीव कासावीस व्हायचा.

एकदा एक पाववाला त्याची पिवळी व्हॅन घेऊन आला. बेकरीतले पाव पहाटेच्या अंधारात गावोगावी पोचवणारा साधा माणूस. हळू बोलायचा, समोरच्याचं संपेपर्यंत थांबायचा. घाटातल्या वळणांवर नीट दिसावं म्हणून त्याला जादाचे दोन लाइट हवे होते.

रिकामटेकड्यांपैकी एक म्हणाला, "प्रोफेसर, याला तास तरी लागेल."

झालं. प्रोफेसरनं घड्याळ काढून बाकावर ठेवलं. "माझा चहा गार व्हायच्या आत लावून दाखवतो."

आणि लावले. चहाचा शेवटचा घोट कोमट होता. टाळ्या पडल्या. स्विच दाबला, टक, लख्ख उजेड! पाववाला हरखून गेला.

फक्त बोल्टखालचा रंग खरवडायचा राहिला होता. राहिला कसला... प्रोफेसरच्या हातात पॉलिश पेपर आला होता, त्यानं चहाच्या कपाकडं पाहिलं आणि पेपर खाली ठेवला. बोल्टच्या आट्यांनी जेमतेम लोखंड धरलं होतं. सपाट रस्त्यावर तेवढं पुरतं.

आठवड्यानं पाववाला आला. "प्रोफेसर, वळणावर लाइट जातात."

दुकानापुढं स्विच दाबला. लाइट लागले.

"लागतात की."

"इथं लागतात. वळणावर जातात."

वळणावर गाडीची बॉडी पिळवटते, आटे सुटतात, वाट तुटते. प्रोफेसरला हे ऐकताक्षणीच कळलं. बोल्ट सोडायचा, रंग खरवडायचा, आवळायचा. पण समोर श्रोते होते. बोल्ट सोडला असता तर खालचा पिवळा रंग चौघांनी पाहिला असता. वांगी विकायची वेळ आली असती.

"लाइट जात नाहीत रे," प्रोफेसर म्हणाला. "तुझे डोळे जातात. डुलकी म्हणतात त्याला. झोपल्यावर सगळ्यांचेच लाइट जातात, माझेही जातात!"

काय हशा पिकला! पाववालाही कसनुसा हसला. हसणं संपेपर्यंत थांबला, आणि निघून गेला.

त्यानंतर तो पुन्हा एकदा आला. पुन्हा तेच म्हणाला, पुन्हा तसंच हसं झालं.

मग तो आला नाही. त्याची व्हॅन आली, दोर बांधून ओढत. वळणावरून खाली गेली होती.

"मेला?" पुतण्यानं विचारलं.

"तू काय, गोष्टीत पुढं पळतोस," काका म्हणाले. "मेला."

बेकरीवाल्यानं प्रोफेसरला विचारलं, "लाइट चालू होते ना रे?" प्रोफेसर म्हणाला, "लाइट एकदम फर्स्ट क्लास. डुलकी लागली असणार." एवढंच. पण गावाला तेवढं पुरलं. विनोद आधीच तयार होता, आता त्याची बातमी झाली. पाववाला झोपला आणि मेला. मग कुणीतरी विचार केला की माणूस गाडीवर झोपतो का? घरी झोप मिळत नसेल म्हणून. मग नळावर बायका त्याच्या बायकोला विचारायला लागल्या, "काय गं, रात्री झोपू देत नव्हतीस वाटतं?"

एका दुपारी ती दुकानात आली. नेमके रिकामटेकडे नव्हते.

"भाऊ, एकच विचारते. आदल्या रात्री ते आठ वाजताच झोपले होते. गाढ. मी स्वतः पांघरूण घातलं. मग डुलकी कशी लागेल? लाइटचं काही... तुम्ही म्हणाल ते मी खरं मानीन."

प्रोफेसरनं पक्कड उचलली, खाली ठेवली.

"लाइट फर्स्ट क्लास होते, वहिनी."

ती थोडा वेळ उभी राहिली. "मग झोपलेच असतील," म्हणाली. आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून रस्त्याच्या कडेकडेनं गेली. चूक तिचीच असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरनं दुकान उघडलं, तर हिरव्या शटरवर मधोमध रुपयाएवढा गोल खरवडलेला. आत लोखंड आरशासारखं. खाली मात्र रंगाची भुकटी नाही.

"पोरं," प्रोफेसर म्हणाला.

दोन दिवसांनी त्याच्या निळ्या स्कूटरवर तसाच गोल.

"मांजर," प्रोफेसर म्हणाला.

मग बायकोनं आतून हाक मारली. "अहो, माझ्या गुलाबी कपाटाला कुणी नख लावलं? माहेरचं कपाट आहे ते!"

"उंदीर असेल."

"उंदीर लोखंड खातात?"

"हल्ली खातात."

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. लग्न जुनं होतं, तिनं फक्त पाहिलं. पण प्रोफेसरनं त्या रात्री नखं कापली. स्वतःची. अगदी खोलवर. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

इकडं बेकरीवाल्यानं नवी पांढरी व्हॅन घेतली आणि चालवायला ठेवलं पाववाल्याच्या धाकट्या भावाला. जुन्या व्हॅनचे दोन्ही लाइट शाबूत होते, तेच नव्या व्हॅनवर लावायचे ठरले. सोमवारी संध्याकाळी भाऊ व्हॅन सोडायला आला.

"पहाटे गाडी न्यायचीय. नीट बघून द्या," तो म्हणाला. "दादा म्हणायचा, वळणावर लाइट जातात." मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "म्हणजे... त्याला झोपेत तसं वाटत असेल. बेकरीत मलाही विचारतात, जागा आहेस ना रे? घराणंच झोपाळू आमचं."

प्रोफेसरला त्याच्या तोंडाकडं बघवेना. "मी आहे ना," म्हणाला.

या वेळी त्यानं चहा मागवला नाही, घड्याळ काढलं नाही. शटर आतून ओढून घेतलं आणि एकटाच कामाला लागला. बोल्ट सोडला, पॉलिश पेपरनं पांढरा रंग घासून घासून काढला. लोखंडात स्वतःचा डोळा दिसायला लागला तेव्हा थांबला. रिंग ठेवली, बोल्ट आवळला. सगळं जोडून झालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. सोमवार संपून मंगळवार लागला होता.

स्विच दाबला.

टक.

उजेड नाही.

"हरकत नाही," प्रोफेसर मोठ्यानं म्हणाला. श्रोते नसताना तो पहिल्यांदाच बोलत होता. फ्यूज काढून पाहिला, धड होता. टेस्ट लॅम्पची सुई रिलेच्या खाली टेकवली, करंट येत होता. लाइटच्या वायरीला टेकवली, तिथंही येत होता. बॅटरीवरून दोन मोकळ्या वायरी थेट लाइटला लावल्या, लख्ख लागला. बल्ब चांगला, करंट चांगला. राहिलं काय? परतीची वाट.

पण ती तर आत्ताच खरवडली.

त्यानं बोल्ट सोडला. रिंग बाजूला केली.

खाली रंग होता.

गोल. रुपयाएवढा. गुळगुळीत, सुकलेला.

हिरवा.

पांढऱ्या गाडीवर हिरवा रंग कुठून आला, याचा प्रोफेसरनं विचार केला नाही. म्हणजे करायचा नाही असं ठरवलं. पेपर घेतला, खरवडला, रिंग ठेवली, आवळला.

टक.

अंधार.

बोल्ट सोडला. निळा.

 त्यानं मान वळवून कोपऱ्यातल्या स्कूटरकडं पाहिलं. लगेच पुन्हा सरळ केली. खरवडला. आवळला.

टक.

सोडला... गुलाबी.

"माहेरचं कपाट," पुतण्या पुटपुटला. काकांनी त्याला गप्प केलं नाही. तो आपला आपणच गप्प झाला.

चौथ्यांदा प्रोफेसरनं खरवडलं तेव्हा पेपर फाटला. बोटांची कातडी घासली गेली. बोल्ट आवळला. स्विच दाबला. टक. अंधार. बोल्ट सोडायला पाना लावला, पण हात हलेना. त्याला ठाऊक होतं. खाली कुठला रंग आहे, त्याला ठाऊक होतं.

सोडला.

पिवळा.

आणि त्या पिवळ्यावर रिंगचा जुना वळ. त्याच्याच हातानं, चहाकडं बघत, घाईघाईनं आवळलेला.

त्यानं रिले उपटून काढला. मुठीत घेतला. आता काही लागणार नाही, काही वाजणार नाही, घरी जायचं, पहाटे सांगायचं तब्येत बिघडली...

व्हॅन जराशी बसली.

एका बाजूनं. ड्रायव्हरच्या बाजूनं. माणूस चढला की स्प्रिंग दबून बसते, तशी.

दार उघडलं नव्हतं.

प्रोफेसर व्हॅनच्या पुढं उभा होता. काचेत अंधार. आत कुणी असेल तर... ते थांबलं होतं. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं, तसं.

"लाइट..." प्रोफेसर म्हणाला. "लाइट फर्स्ट क्लास होते."

टक.

मुठीत.

वायर नाही, बॅटरी नाही. मुठीतला रिले वाजला.

"तुला डुलकी..."

टक.

"मी सगळं नीटच..."

टक.

प्रोफेसरनं मूठ आणखी घट्ट आवळली.  

मग प्रोफेसर बोलला. भाषणाचा आवाज नव्हता तो. "मी रंग खरवडला नव्हता," तो म्हणाला. "माझा चहा गार होत होता."

टक वाजलं नाही.

दोन्ही लाइट लागले.

एवढा उजेड त्या दुकानात कधीच पडला नव्हता. अर्थिंग सुटलेलं, रिले मुठीत, आणि लाइट लख्ख. मागच्या शटरवर सावली पडली. एकच. प्रोफेसरची. जमिनीपासून छतापर्यंत. त्यानं तोंड झाकून घेतलं, पण सावलीनंही झाकलं, आणि ते आणखीच वाईट दिसलं.

लाइट कधी गेले, गाडीची स्प्रिंग कधी वर आली, त्याला कळलं नाही.

पहाटे भाऊ आला तेव्हा प्रोफेसर बाहेर पायरीवर बसला होता. "गाडी राहू दे," म्हणाला. "आधी वहिनींकडं चल."

नळावर बायका पाणी भरत होत्या. वहिनी घागर घेऊन रांगेत शेवटी उभी होती, सगळ्यांपासून हातभर लांब. प्रोफेसर तिथंच बोलला. सगळ्यांपुढं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याला डुलकी लागली नव्हती. तो जागा होता. तो दोनदा सांगायला आला, मी हसलो. खोटं मी बोललो.

नळ वाहत राहिला. भरलेली घागर कुणी उचलेना. प्रोफेसरला वाटत होतं, ती आता तोंडात मारेल. मारावं, असंही वाटत होतं.

वहिनीनं विचारलं, "किती वेळ लागतो हो? रंग खरवडायला?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "बरं."

आणि रांगेत पुढं सरकून तिनं आपली घागर नळाखाली लावली. कुणी तिला अडवलं नाही.

काका थांबले. अंगण अंधारात होतं. पुढ्यातल्या स्टुलावर पुतण्यानं आणलेला रिले पडला होता, काळा, मुका.

"पुढं?" ताईनं विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"पुढं काय? भावाचे लाइट नंतर कधी गेले नाहीत. वायरिंग तेवढं दुसऱ्यानं केलं. प्रोफेसरला परत कुणी प्रोफेसर म्हणालं नाही. शटरवरच्या त्या गोलाला त्यानं तीनदा रंग दिला, टिकला नाही. मी गेलो की तो त्या गोलाला पाठ लावून बसायचा. मला दिसू नये म्हणून." काका उठले, गुडघा धरून. "चला. झोपतो मी. ताई, तू चकाचक खरवडलंयस म्हणालीस ना? मग सकाळी दुसरं काहीतरी शोधू."

ते आत गेले. पलंग करकरला.

 पुतण्या नुसता तिच्याकडं बघत राहिला.

"बघतोस काय?" ताई म्हणाली. "पॉलिश पेपर आण. आत्ता खरवडते. सकाळी काकांना सांगते."

"काय सांगतेस?"

"...खरं सांगते. आण ना."

दोघं टॉर्च घेऊन जीपपाशी गेले. गोष्ट चालली असताना कुणी जागचं हललं नव्हतं. फाटकाची कडी आतून लागलेली होती. ताईनं बोनेट उचलायला हात पुढं केला, आणि तो तसाच हवेत राहिला.

"टॉर्च नीट धर."

"नीटच धरलाय."

बोनेटच्या बरोबर मध्यावर, चार दिवसांच्या लालभडक रंगात, रुपयाएवढा गोल होता. आत लोखंड आरशासारखं. त्यात टॉर्च दिसत होता, पुतण्याचं नाक दिसत होतं, आणि ताईचं तोंड.

पुतण्या खाली वाकला. त्यानं चाकांपाशी, बंपरखाली, सगळ्या फरशीवर टॉर्च फिरवला.

लाल रंगाचा एक कणही खाली पडलेला नव्हता.